पूजेला बसलेला संगणक

शनिवार, १२ ऑक्टोबर २०२४. पहाटे पाच वाजून दहा मिनिटे. दूरध्वनी वाजला तेव्हा मी दाढी करीत होतो. विजयादशमीच्या दिवशी चेन्नईत इतक्या पहाटे फोन करणारा माणूस एकतर आप्त असतो किंवा त्याचा संगणक बंद पडलेला असतो. आप्त मला फोन करीत नाहीत.

"कुलकर्णी, मी कावेरी बोलतें. पेटी देवापुढून उचलली, जोडली, आणि आतां ती म्हणते, मागचं काम पुरं झालं नाहीं म्हणून."

"काय केलंत?"

"मी? मी कांहीं केलें नाहीं."

हा प्रश्न आणि हे उत्तर यांवर माझ्या आयुष्याचा उत्तरार्ध चालला आहे. घरगुती संगणकात एखादा कार्यक्रम बसवताना तो अर्ध्यावर अडला की मला बोलावतात. मी विचारतो, काय केलेत? ते सांगतात, काही केले नाही. हेच वाक्य मी तमिळमध्ये, इंग्रजीत, हिंदीत आणि दोन प्रकारच्या मराठीत ऐकलेले आहे. एका निवृत्त न्यायाधीशांच्या तोंडूनही ऐकले आहे. काही न करता संगणक बिघडल्याचे उदाहरण मात्र अद्याप पाहण्यात नाही.

आपल्या मंडळाच्या संपादकांनी या अंकासाठी नोकरीतील आठवणी मागितल्या. नोकरीबद्दल सांगण्यासारखे थोडे आहे. मिरजेहून मद्रासला आलो, एका कंपनीत मोठ्या यंत्रांची देखभाल केली, वय झाल्यावर निवृत्त झालो. ती यंत्रे थंड खोलीत राहत, त्यांच्याजवळ चपला घालून जाता येत नसे आणि बिघाड झाला की ती एक आकडा दाखवीत. आकडा जाड पुस्तकात पाहायचा, लिहिले असेल तसे करायचे, सही करून घरी यायचे. त्यात माणूस कोठेच नव्हता. निवृत्तीनंतर वेस्ट मांबलममध्ये शेजाऱ्यांचे संगणक पाहू लागलो तेव्हा धंदा खरा कळला. आजचे यंत्र आकडा सांगत नाही, दिलगिरी व्यक्त करते. "काहीतरी चुकले" एवढेच म्हणते. काय चुकले ते सांगणार नाही. घरातील माणसेही तेच करतात.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. संगणकात नवा कार्यक्रम बसवणे म्हणजे घरात भाडेकरू आणणे. त्याला जागा हवी, मालकाची परवानगी हवी आणि आधीचा भाडेकरू पूर्ण निघालेला हवा. आमच्या भागात घरमालक नव्या बिऱ्हाडाची जेवढी चौकशी करतात, जवळजवळ तेवढीच संगणकही करतो. या तिन्हींपैकी एक गोष्ट कमी पडली की स्थापना अडते. सर्वांत वाईट अवस्था अर्धवट निघालेल्या बिऱ्हाडाची. माणसे गेली, कपाट दारात राहिले. नवा आत येऊ शकत नाही आणि जुना तर तेथे नाहीच.

तिरुवल्लिकेणीला एका मॅन्शनमध्ये, म्हणजे ब्रह्मचाऱ्यांच्या वस्तीत, एका तरुणाने संगणकाच्या रक्षणासाठी एकामागून एक असे तीन पहारेकरी कार्यक्रम बसवले होते. पहिल्याने दुसऱ्याला चोर ठरवले. दुसऱ्याने तिसऱ्याला कोंडले. तिसऱ्याने सर्व दारे लावून घेतली, त्यात मालकही बाहेर राहिला. मी दोघांना घालवले. तरुण म्हणाला, "सर, एकच ठेवायचा? मग सुरक्षित कसं वाटणार?" त्याच्या खोलीच्या दाराला मी कुलपे मोजली नाहीत. एकाहून अधिक होती.

श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यातील एक नाशिककर अभियंता रात्रपाळीहून येऊन डोळे मिटलेल्या स्थितीत कार्यक्रम बसवीत असे. पडद्यावर "पुढे" आले की दाबायचे. तो पुढे, पुढे करीत इतका पुढे गेला की त्याच्या संगणकाची भाषाच बदलली. कोणती भाषा, हे आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत समजले नाही. मी बटणांच्या जागा आठवून ती परत आणली. तो म्हणाला, "मी फक्त पुढे दाबलं, बाकी काही केलं नाही." हा मोटारींचे ब्रेक तपासतो. तेव्हापासून मी बसने जातो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

कावेरीबाई आमच्या पलीकडच्या गल्लीत, मांबलम स्टेशनच्या बाजूला, थोरले बंधू सेतुमाधवराव यांच्यासह राहतात. बाई वीणा शिकवतात. राव रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले आहेत. दोघांनी लग्न केले नाही. एकमेकांना उत्तर देण्यात वेळ गेला, असे माझे मत आहे. त्यांची मराठी तंजावरची. ती आमच्या मराठीहून जुनी आहे असे बाई म्हणतात. ते खरे असल्यामुळे मी वाद घालत नाही.

निघालो तेव्हा उजाडायचे होते. दुकानांच्या फळ्यांना केळीचे खांब बांधलेले होते आणि आदल्या दिवशी आयुधपूजेत फोडलेले कोहळे कुंकवासकट रस्त्यावर पसरले होते. दोनदा घसरता घसरता वाचलो. महाराष्ट्रातील वाचकांसाठी सांगणे आवश्यक आहे की येथे दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपापले हत्यार पूजेला ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्याला हात लावू नये, अशी रीत आहे. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, विद्यार्थ्याची पुस्तके, रिक्षा, गिरणी, सर्व विश्रांती घेतात. रीत चांगली आहे. तिच्यात संगणक शिरल्यापासून मात्र दसऱ्यानंतरचा आठवडा माझा हंगाम झाला आहे. जेथे तार जायची तेथे चंदन गेलेले असते.

दार रावांनी उघडले. कपाळावर गोपीचंदन, चेहऱ्यावर अपराध्याची तत्परता.

"या, कुलकर्णी साहेब. कॉफी?"

"काम झाल्यावर."

"म्हणजे काम होणार कीं!" ते आतल्या खोलीकडे पाहून मोठ्याने म्हणाले. "ऐकलीस? होणार म्हणतात."

"ते कॉफी होणार म्हणाले," आतून उत्तर आले.

संगणकाची पेटी मेजावर होती. तिच्या पुढच्या अंगाला चंदनाचे तीन पट्टे, मध्ये कुंकू, वर झेंडूचे एक फूल. चालू करण्याचे बटण कुंकवाखाली होते. पडदा जागेवरच ठेवून फक्त पेटी देवघरात नेली होती. का, असे मी विचारले. राव म्हणाले, "जीव पेटींत असतो. ती नुसती काच." तांत्रिक दृष्ट्या यात चूक काढता येत नाही.

पडद्यावर लिहिलेले होते : बदल मागे घेत आहे. संगणक बंद करू नका.

"काल काय झालं?"

कावेरीबाई वीणेजवळ बसल्या होत्या. त्यांची पूजा पहाटेच आटोपली होती. "काल सकाळीं क्लासचा कार्यक्रम म्हणाला, मी जुना झालों, नवा घ्या. नवा घ्यायला गेलें तर तो म्हणाला, आधीं संगणकाची मूळ प्रणाली नवी करा. सरि, म्हणून तें लावलें आणि स्वयंपाकाला गेलें. परत येऊन पाहतें तर पेटी नाहीं. टेबलावर नुसत्या तारा." सरि म्हणजे तमिळमध्ये ठीक.

"दादा!" त्या रावांकडे वळल्या. "तुला कोण सांगटलं प्लग काढायला?"

"पंचांग सांगटलं. साडेदहाला राहुकाळ लागतं. त्याच्या आधीं पेटी देवापुढें नको?"

"पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं, बंद करूं नका म्हणून."

"तीस टक्के म्हणून होतं. अर्धा तास तेंच तीस. मी रेल्वेंत होतों, कावेरी. अर्धा तास जी गाडी हलत नाहीं ती रद्द झाली समजायची."

"आणि कुलकर्णींना तूं खरं सांगायचं ठरलं होतं ना?"

राव माझ्याकडे वळले. "मी कांहीं केलों नाहीं. पूजेला ठेवलों, तेवढंच."

अर्धवट निघालेले बिऱ्हाड ते हेच. यंत्र रात्रभर देवापुढे विश्रांती घेत होते आणि आता जागे होऊन आदल्या दिवशीचे अर्धे काम उलटे करीत होते. अशा वेळी करण्यासारखे एकच काम असते. मी खुर्चीवर बसलो आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

"कांहीं करत नाहींत?" राव कुजबुजले.

"करतो आहे."

या धंद्यात हात लावणे चार दिवसांत शिकता येते. हात न लावणे शिकायला माझी बरीच वर्षे गेली. रावांना ते एका सकाळी शिकवणे शक्य नव्हते. ते दर मिनिटाला पडद्यावरील आकडा वाचून दाखवीत होते.

मी बाईंना घाईचे कारण विचारले. एरवी त्या सुटीच्या दिवशी मला बोलावीत नाहीत.

त्यांनी थोडक्यात सांगितले. त्यांची शेवटची विद्यार्थिनी दहावीची परीक्षा झाल्यावर शिकणे सोडून गेली. त्यानंतर कोणी आले नाही. आता अमेरिकेत राहणाऱ्या, मूळच्या तंजावरच्या एका मराठी कुटुंबातील तारा नावाची सात वर्षांची मुलगी आज सकाळी साडेसहाला संगणकावरून पहिला धडा घेणार होती. तेथे तेव्हा शुक्रवारची रात्र असते. तिची आई म्हणाली होती, आमच्याकडे दसरा उजाडल्यावर सुरू करू. बाईंनी नकार दिला. विद्यारंभ विजयादशमीला आणि विजयादशमी येथली. मुलीला त्यासाठी जागे ठेवले होते.

"नाहीं जमलं तर?"

"तर ती पियानोला जाईल. शेजारीं क्लास आहे." त्या वीणेची एक खुंटी पिळत होत्या. "आणि मी ही गाण्याच्या सभेला देऊन टाकतें. भिंतीला लावून ठेवायला वीणा नाहीं ठेवली मी. आज आरंभ झाला तर शिकवणार, नाहीं तर पुरे."

राव आकडा वाचायचे थांबले.

मी माझा मोबाइल पुढे केला. त्या भावंडांत मिळून एक बटणांचा फोन आहे. बाईंनी माझ्या मोबाइलकडे पाहिले आणि तो परत केला. "एवढ्याशा काचेंत मला त्या पोरीचीं बोटं दिसणार नाहींत. चेहरा पाहून काय करूं? चेहरा सगळ्यांचा बरा असतो."

यथावकाश यंत्राने बदल मागे घेतले. मूळ प्रणाली जुनीच राहिली, पण शुद्धीवर आली. मी तिच्याशी जुळेल असा क्लासचा कार्यक्रम उतरवून घेतला आणि बसवू लागलो. उत्तर आले : जागा अपुरी आहे. कालच्या अर्धवट कामाची अडगळ साफ केली. तरीही अपुरी.

जागा कोणी अडवली आहे ते शोधले. एकाच कप्प्याने जवळजवळ सगळी. नाव होते : दादा.

रावांनी अनेक वर्षे मार्गशीर्षातील संगीतसभांच्या मागच्या रांगेत बसून, मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून, कचेऱ्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. चेन्नईत कचेरी म्हणजे गाण्याची बैठक. पुण्यातील वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. त्या कॅसेट मीच संगणकात उतरवून दिल्या होत्या. मूळ कॅसेटना पुढे बुरशी लागली.

"काढून टाका अस्की," बाई म्हणाल्या. अस्की म्हणजे सगळे. "त्यांत गाणं थोडं आणि मागच्या रांगेचा खोकला जास्त. मी ऐकलें आहे."

"सगळ्यांत खोकला नाहीं," राव म्हणाले.

"नाहीं. कांहींत तूं ताल देऊनलेहेस, तो चुकतो."

एरवी राव यावर दिवसभर बोलले असते. त्यांनी पडद्याकडे पाहिले, मग वीणेकडे. "काढा, कुलकर्णी साहेब," ते म्हणाले. "प्लग मी काढलों. हेंही मीच काढतों. बटण कोणतं तें दाखवा."

मी दाखवले नाही. ग्राहकाची वस्तू पुसायची नाही, हा माझा नियम आहे. ग्राहक हातापाया पडला तरी नाही, कारण तोच दुसऱ्या दिवशी येऊन मागतो. दुसऱ्या डिस्कवर हलवायची, जागा करायची आणि काम झाल्यावर परत ठेवायची. त्यासाठी मी एक डिस्क कायम पिशवीत बाळगतो. ती पिशवी आणायची कशी, हा प्रश्न होता. माझी हत्यारे माझ्या घरी देवापुढे होती. चंदन लावून.

हे रावांना सांगावे लागले. त्यांचा चेहरा एकदम तरतरीत झाला. "म्हणजे तुमच्याकडेंही!"

"माझ्याकडे नाही. माझ्या पत्नीकडे."

मी घरी फोन केला. पत्नीने शांतपणे ऐकून घेतले.

"पण पुन्हा पूजा झाली नाही अजून. माझी आंघोळ व्हायची आहे."

"काम तातडीचं आहे."

"काल काय म्हणालात? हत्यारं पूजेत ठेवणं म्हणजे त्यांना गंज चढवणं. म्हणालात ना?"

"म्हणालो."

"मग आज ती देवीला मागायची तर नीट मागा."

राव आणि कावेरीबाई दोघेही ऐकत होते. मी दाराकडे तोंड केले. "कृपा करून लवकर पूजा कर आणि डिस्क घेऊन ये," असे म्हणालो. बाई वीणेवर वाकून हसल्या. त्या दिवशी त्या प्रथमच हसल्या, म्हणून मी ते मनावर घेतले नाही.

पत्नी आली तेव्हा बाहेर उजाडले होते. केस ओले, हातात ताटली, ताटलीत डिस्क, तिच्यावर कुंकू आणि एक जास्वंद. तारेच्या टोकालाही चंदनाचा ठिपका होता. "त्याला का वगळायचं?" ती म्हणाली.

पेटीच्या पुढच्या अंगाला तार जोडण्याची दोन तोंडे होती. दोन्हींत रावांचे चंदन वाळून बसले होते. मागची तोंडे कळफलक, ध्वनिग्राहक आणि कॅमेरा यांनी अडवलेली. झाडूची एक काडी मागितली, तिला देवघरातील वातीचा कापूस गुंडाळला, पेटी बंद केली आणि चंदन खरवडत बसलो. राव बॅटरी धरून उभे होते. थंड खोलीतील मोठ्या यंत्रांवर मी शिकलो, तेथे धूळ बसली तरी साहेब आम्हाला जाब विचारीत. त्या साहेबांनी हे पाहायला हवे होते, असे एकदा वाटून गेले. पाहिले नाही तेच बरे.

कप्पा डिस्कवर हलू लागला. यंत्र जुने, चाल सावकाश. साडेसहा वाजले आणि मागे पडले. माझ्या फोनवरून बाईंनी ताराच्या आईचा क्रमांक लावायला सांगितला. आई आपली मराठी जपून, काचेच्या भांड्यासारखी वापरत होती.

"मामी, ती पेंगते आहे. पंधरा मिनिटं बसवते. मग नाही होणार. पुढच्या वर्षी विजयादशमीला करू या का? तोपर्यंत तिला पियानोला घालते."

"पुढच्या वर्षीं," बाई म्हणाल्या, "सरि." फोन मला परत दिला. मग वीणा भिंतीशी ठेवायला उचलू लागल्या.

"खाली ठेवा," मी म्हणालो. आवाज आवश्यकतेपेक्षा मोठा झाला असावा. पत्नीने माझ्याकडे पाहिले. बाईंनी वीणा खाली ठेवली.

पुरेशी जागा मोकळी झाल्याचे दिसताच मी उरलेले हलवणे थांबवले आणि कार्यक्रम बसवायला घेतला. त्याने परवानगी मागितली, दिली. अटी मान्य आहेत का विचारले, मान्य केल्या. त्या अटी मी आयुष्यात एकदाही वाचलेल्या नाहीत आणि हे मी प्रथमच कबूल करीत आहे. पट्टी सरकत गेली. तीस टक्क्यांवर ती थांबली. राव माझ्या खांद्यामागे उभे होते.

"तीस," ते म्हणाले.

"राव, बसा. आणि हात मागे बांधा."

ते बसले आणि त्यांनी खरोखर हात मागे बांधले. पट्टी हलली.

पडद्यावर मुलगी आली. दोन वेण्या, अंगावर परकर-पोलका, डोळे अर्धे मिटलेले. मांडीपुढे भाड्याची वीणा, तिच्याहून मोठी. मागे तिचे आईवडील. बाईंनी पदर सारखा केला आणि आवाज बदलून, मी कधी ऐकला नव्हता अशा स्वरात, म्हणाल्या, "तारा कण्णा, ऐकूं येतें?" कण्णा म्हणजे बाळा.

"येतें, आजी."

"हें ऐक. हा सा." त्यांनी तार छेडली. खोलीत तो स्वर बराच वेळ राहिला.

मुलगी वाट पाहत होती. "आजी, वाजवा ना."

"वाजवलें कीं."

"नाही वाजलं."

बाईंनी पुन्हा छेडली. मुलीने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "मामी, तुमचं बोलणं ऐकू येतं. वीणा नाही येत. टक् असं होतं आणि जातं."

सगळ्यांनी रावांकडे पाहिले. "मी बसलों आहे!" राव म्हणाले. "हात मागें आहेत!"

खरोखर त्यांचा दोष नव्हता. यंत्राचाही नव्हता. हे कार्यक्रम कचेरीतील माणसांसाठी, म्हणजे पुण्याच्या अर्थाने कचेरीतील माणसांसाठी, बनवलेले असतात. माणसाचा आवाज तेवढा पुढे पाठवायचा आणि पंखा, रहदारी, भांडी असा बाकीचा गोंगाट गाळून टाकायचा, अशी त्यांना शिकवण असते. लांबणारा, एकसारखा स्वर त्यांना पंख्यासारखा वाटतो. जुन्या कार्यक्रमात मी ही गाळणी पूर्वीच बंद करून ठेवली होती. नवा बसला तो आपली शिकवण घेऊन. बाईंच्या वीणेला त्याने गोंगाट ठरवले होते.

हे समजावून सांगण्यास वेळ नव्हता. मुलीची मान एका बाजूला झुकली होती. ध्वनीच्या जुळवणीचा कप्पा उघडला, आत एक, त्याच्याही आत एक, तेथे ती गाळणी सापडली. बंद केली. मूळ ध्वनी जसाच्या तसा पाठवण्याची खूण केली.

"आता वाजवा."

त्यांनी सा वाजवला. मुलीची मान सरळ झाली. मग ती एकदम हसली. "आजी, तुमच्याकडे कावळा आहे!"

कावळा गॅलरीत होता. गाळणी गेली की सर्वच जाते, हे मला ठाऊक होते. आता या घरातला प्रत्येक आवाज तेथे पोचणार होता. मी छताचा पंखा बंद केला. पत्नीने बांगड्या दुसऱ्या हाताने धरल्या आणि गॅलरीत जाऊन कावळ्याशी काय ते ठरवले. राव तोंडावर उपरणे दाबून बसले. मागच्या रांगेतील माणसाला प्रथमच खोकला आवरावा लागत होता.

"आतां तूं," बाई म्हणाल्या. "उजव्या हाताचं पहिलं बोट. नाहीं, कण्णा, तें नाहीं. मला इथून तुझं बोट धरतां येत नाहीं. अम्माला म्हण, मागून येऊन धर. मी सांगतें तशी ती धरेल."

आई मागून वाकली. पडद्यावर दोन हात एका तारेवर आले. बाई पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचा श्वास काचेवर उमटला. त्यांनी आपले बोट हवेतच तसे धरले आणि हळूच खाली आणले.

मुलीचा सा आला. बेसूर होता, असे मला नंतर कळले. मी या शहरात आयुष्य घालवले, शेजारच्या गल्लीत वीणा वाजत असे आणि मी संगणकांमागच्या तारांची गुंतागुंत तेवढी पाहत आलो. वीणेच्या तारा मी त्या सकाळी प्रथम नीट पाहिल्या.

"परत," बाई म्हणाल्या. "सा."

खोलीत उकाडा वाढत होता. कोणी हलत नव्हते. तेवढ्यात आतून बारीक फुरफुर ऐकू आली. रावांनी नैवेद्याच्या पोंगलसाठी, म्हणजे मुगाच्या खिचडीसाठी, कुकर चढवलेला होता आणि तो शिट्टीच्या बेतात आला होता. राव उठू लागले. मी त्यांना हाताने बसवले, चपला दाराशी होत्याच, अनवाणी पावलांनी स्वयंपाकघरात गेलो आणि गॅस बंद केला.